टपाखालची धूळ

१

गाडी शोधायला पोलिसांना फार डोकं चालवावं लागलं नाही. कापडी टपाची, दोन माणसांपुरती, बुटकी हिरवी विलायती गाडी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच होती, आणि ती पांढरकवड्याच्या किसनराव कोंडावारांच्या बंगल्यात होती.

शनिवारी दुपारी इंदूबाई टेकाम तेंदूपत्त्याचे पुडे खरेदीच्या फडीवर टाकून आपल्या पोडाकडे, जंगलातल्या वस्तीकडे, परतत होती. जंगलाकडच्या त्या रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं, आदल्याच दिवशी त्यावर नवा मुरूम पसरला होता. बाई कडेनेच चालली होती. मागून आलेल्या गाडीने तिला कडेलाच ठोकरलं, ती नालीत जाऊन पडली, डोकं दगडावर आपटलं, आणि गाडी थांबलीसुद्धा नाही. राजकुमार नावाच्या ट्रकवाल्याला समोरून ती हिरवी गाडी येताना दिसली होती. तो वळणापलीकडे गेला तर नालीत बाई. त्याने ट्रक फिरवला आणि तिला दवाखान्यात आणलं. वाटेत ती पाणी मागत होती. दवाखान्याच्या फाटकाशी तिचं मागणं थांबलं.

रविवारी सकाळी उपनिरीक्षक निकिता आडे हवालदार नागोरावांना घेऊन बंगल्यावर पोचली तेव्हा गाडी गॅरेजात झाकून ठेवलेली होती. झाकण काढलं. डाव्या दिव्याची चकचकीत कड वाकली होती आणि त्या वाकलेल्या जागी लुगड्याची एक दशी अडकून बसली होती.

"घ्या मॅडम, झाली केस," नागोराव म्हणाले.

निकितालाही तसंच वाटलं. पोलिसात येऊन तिला काही फार वर्षं झाली नव्हती, पण रस्त्यावर मेलेल्या गरिबाचं पुढे काय होतं ते कळायला तेवढी पुरली होती. कोणीतरी आत जातो, कोणीतरी बाहेर येतो, तारखा पडत राहतात आणि मेलेल्याची माणसं एक दिवस यायची थांबतात. आपल्या हातून कुणाचं भलं होईल ही आशा तिने केव्हाच सोडली होती. चुकीचा माणूस आत जाऊ नये, एवढंच काय ते तिने स्वतःजवळ राखून ठेवलं होतं.

किसनराव काठी टेकत गॅरेजात आले. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचे हात थरथरत. शनिवारी ते नागपूरला डॉक्टरकडे होते, रात्री परतले, हे निकिताने आधीच तपासून घेतलं होतं.

"किल्ली गोपालजवळ असते. माझा ड्रायव्हर," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय गाडीला कोणी हात लावत नाही. न्या त्याला." आणि मग त्यांचं लक्ष टपाकडे गेलं. काळं कापड कुठे सुरकुती न पडता ताणून बसलं होतं. किसनराव जवळ गेले, त्यांनी कापडावरून तळवा फिरवला आणि अपघात, पोलीस सगळं विसरून ते बघतच राहिले.

"हा लागला कसा?"

"म्हणजे?"

"अहो, मी आजारी पडल्यापासून टप दुमडूनच होता. नागपूरला निघताना मी स्वतः ओढून पाहिला. पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत पोचेना, चांगला चार बोटं आखूड. गोपालला इतका बोललो म्हणता! तुमच्या वडिलांच्या हातचा टप आहे हा, निकिताबाई. त्यांनी शिवल्यापासून पहिल्यांदा असा आटला. आणि आज पाहतो तर नवऱ्यामुलासारखा बसलाय."

२

कापडी टपाचा स्वभाव निकिता लहानपणापासून ओळखत होती. खेमसिंग आडे यांचं हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या आणि गाड्यांच्या गाद्या शिवण्याचं दुकान होतं, आणि तिचा सगळा अभ्यास त्या दुकानातल्या गुंडाळ्यांवर बसून झाला होता. टप नेहमी लावलेला, ताणलेला ठेवावा लागतो. ओला दुमडला तर सडतो, आणि महिनोन्‌महिने दुमडून ठेवला तर आटतो. मग कमान उभी राहते पण कापड पुढे पोचत नाही. जबरदस्तीने ओढलं तर शिवण उसवते. तो परत बसवणं हे जाणत्याचं, निवांत करायचं काम आहे.

म्हणजे शनिवारी कोणीतरी जाणता माणूस त्या गॅरेजात होता.

किसनरावांचा पुतण्या रजत त्याच बंगल्यात राहायचा. मित्राच्या लग्नाच्या फोटोंसाठी त्याने ही गाडी मागितली होती आणि काकांनी ती साफ नाकारली होती. शनिवारी दुपारी कुठे होतास म्हटल्यावर तो म्हणाला, घरीच झोपलो होतो. नागोरावांनी शेजारच्या पानठेल्यावर चौकशी केली तर साहेब दुपारी जेवणाआधीच बाहेर पडलेले. निकिताने त्याला पुन्हा बसवलं.

"खोटं कायले बोलला?"

रजत चुळबुळला. "मॅडम, काकाले सांगू नका. दोस्तांसंगं आदिलाबादले गेलतो. आमच्या दुसऱ्या गाडीनं. टोलनाक्यावरचा कॅमेरा पाहून घ्या ना."

टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात दुसरी गाडीही होती आणि दात काढून हसणारा रजतही होता. जाता जाता तो एक बोलला ते मात्र निकिताच्या डोक्यात राहिलं.

"आन मॅडम, हिरवी गाडी मी नेली असती तं टप खाली पाडून नेली असती. लोकायले दिसलो नाई तं त्या गाडीत बसाचा फायदा काय? टप लावून, अशा उन्हात, आतून उकडून निघाले कोन जाईल?"

तिने ट्रकवाल्या राजकुमारला पुन्हा विचारलं. तो मारेगावचा, शपथ घेतल्याशिवाय एक वाक्य न बोलणारा माणूस. "आईची आन मॅडम, टप लावेल होता. काया टप. आत अंधार होता म्हून तं डायवर दिसला नाई. पन गाडी काई जोरात नोती. अशी एका लयीत येत होती, जशी लग्नातून शांत घरी चालली. म्हून तं मले शंका आली नाई."

मे महिना, भर दुपार, माथ्यावर काळं कापड, आत वारा नाही. मौजेसाठी कोणी असं जात नाही आणि घाईतला माणूस एका लयीत चालवत नाही. ज्याला टपाशीच काम आहे, तोच टप लावून जाईल. हा विचार निकिताच्या मनात आला, आणि पुढे काय येतंय हे दिसायच्या आत तिने तो बाजूला सारला. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं होतं.

३

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा खेमसिंग ओट्यावर बसला होता. तिची आई, याडी, गेल्यापासून घरात दोघंच. निकिताने भाकरी थापल्या, ताट मांडलं, पाण्याचा गडवा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. त्याने कोपर हलवलं आणि गडवा लवंडला.

"अरे बा! समोर तं होता."

"दिसला नाई," तो म्हणाला आणि खांद्यावरच्या पंच्याने जमीन पुसू लागला. सुईत दोरा मात्र तो अजून पहिल्या झटक्यात ओवत असे, म्हणून निकिताने त्याच्या डोळ्यांची चिंता कधी केली नव्हती. वय झालं, धांदरटपणा वाढला, एवढंच ती समजून चालली होती.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. कालपासून तो नीट जेवलाच नव्हता.

"बा, कोंडावाराचा टप आटला होता म्हणते. आटलेला टप एकटा मानूस लावू शकते?"

"लावते." त्याने वर पाहिलं नाही. "पुढून अडकवाचा आधी. मांगची बटनं सगळी मोकळी. मंग गाडी उन्हात ठेवाची, कापडाले तापू द्याचं. ते आपोआप ढिलं येते. मंग मांगचं एक एक टिचबटन. घाई केली का फाटला."

"गोपालले जमंल हे?"

भाकरीचा तुकडा ताटात पडला. "त्या पोराचं काय होईल?"

"आत जाईल. सुटनार नाई. लुगड्याची दशी सापडली गाडीवर."

 खेमसिंग ताट पुढे सरकवून उठला. "मले त्याच्या भानगडीत काई इचारू नको, बेटा. पोरगं वाईट नाई ते. मी बोललो तं त्याच्याच गळ्याले लागंल."

आत जाताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. तो थांबला नाही. निकिता भाकऱ्या झाकून बसून राहिली. बापाला काहीतरी माहीत आहे आणि तो ते दडवतोय, एवढं तिला कळलं होतं. कोणासाठी, ते तिला विचारवेना.

४

गोपाल वाढई कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. तिशीतला, आडव्या बांध्याचा माणूस. मारहाण कोणी केली नव्हती, पण मार खाऊन बसल्यासारखा दिसत होता. बाहेर इंदूबाईची मुलगी जया सकाळपासून बाकावर बसून होती. ती काही मागत नव्हती, काही विचारत नव्हती. तिच्या समोरून जाताना निकिताची मान आपोआप खाली गेली.

"गोपाल, गाडी तू चालवली?"

"नाई मॅडम."

"मंग कोनं?"

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"टप दुमडून कोनं ठेवला होता?"

त्याला हे अनपेक्षित असावं. "ते माही चूक आहे," तो पटकन म्हणाला. "मालक सांगून गेलते का आठवड्यातून एकदा टप उभारून, ताणून, उन्हात ठेवत जा. मी आज करू उद्या करू केलं. मालकानं पाह्यलं, लय बोलले. म्हणे मी नागपूरवून येईपर्यंत टप बसला नाई तं तू आपला रस्ता धर."

"मंग शनिवारी लावला कोनं?"

गोपालने तिच्याकडे पाहिलं. नजर तोंडावर नव्हती, थोडी खाली, वर्दीवरच्या नावाच्या पट्टीवर होती. 'नि. खे. आडे.' तेवढं त्याने वाचलं आणि मान खाली घातली.

"मीच लावला समजा."

"समजत नाई मी. कसा लावला ते सांग."

"कसा म्हणजे? मांगची बटनं लावून घेतली पक्की, मंग पुढं ओढला, जोर लावला, आन दिला अडकवून."

 आटलेल्या टपाची मागची बटनं आधी लावली तर दोन पहिलवान आणले तरी कापड चौकटीला पोचत नाही. हे गोपालला ठाऊक नव्हतं. म्हणजे टप त्याने लावला नव्हता आणि लागताना नीट पाहिलाही नव्हता. तो कोणाला तरी पाठीशी घालत होता, आणि त्याची किंमत काय ते त्याला चांगलं माहीत होतं.

"कोनाले वाचवून राह्यला तू?"

गोपाल रडू लागला. चांगला बाप्या माणूस, गुडघ्यात डोकं घालून. "मॅडम, नका ना इचारू. तुमच्या पाया पडतो. तुम्ही तं नकाच इचारू."

५

तुम्ही तर नकाच. ते शब्द घेऊनच निकिता पुन्हा गॅरेजात आली. नागोरावांना तिने दाराशी थांबवलं.

गाडीभोवती ती फिरली. पुढची पकड बरोबर. कमानींवर कापड सारखं बसलेलं. मागच्या प्लास्टिकच्या काचेला आतून एक मऊ फडकं लावून ठेवलं होतं, ओरखडे पडू नयेत म्हणून. मग ती मागच्या बाजूला उकिडवी बसली. टपाची मागची किनार गाडीच्या अंगावर टिचबटनांनी बसते. उजव्या कोपऱ्यातलं बटन तिने उघडलं, किनार वर उचलली. खाली हिरवा रंग स्वच्छ होता, नुकताच पुसलेला. कापडाने झाकलेल्या जागी धूळ कशी असणार?

मग तिने डावा कोपरा उघडला.

किनारीखाली, हिरव्या रंगावर, लाल मुरमाची बोटभर रुंद पट्टी होती. वरून अगदी सरळ रेषेत कापलेली. त्या रेषेपर्यंत कापड होतं आणि त्याच्या खाली उघडं अंग, तेव्हा ही धूळ बसली होती. नंतर कापड ओढून तिच्यावर आणलं गेलं होतं. बटनाशेजारी कापडात एक रिकामं भोक होतं, ताजं. बटन काढून थोडं सरकवून पुन्हा ठोकलं होतं. फक्त डाव्या कोपऱ्यातलं.

हा मुरूम शुक्रवारी त्या रस्त्यावर पडला. शनिवारी गाडी त्या रस्त्यावर गेली. इंदूबाई मेली, गाडी गॅरेजात परत आली, आणि त्यानंतर कोणीतरी शांतपणे बसून, हत्यारं काढून, डावा कोपरा आवळून गेला होता.

"असा कोन कसाई असंल मॅडम?" नागोराव दारातून म्हणाले. "बाई मारली आन बटनं ठोकत बसला?"

निकिता जमिनीवर बसली.  पांढरकवड्यात टप न्‌ ताडपत्र्या शिवणारे पुष्कळ होते. पण शिवलेलं कापड वाऱ्यात नेऊन ऐकणारा एकच होता. बसवलेला टप तो कधी नजरेने तपासत नसे. गाडी मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालवायची, कान मागे लावायचा. जिथे कापड सैल असेल तिथे ते वाऱ्याने फटकन वाजतं. मग परत येऊन, कापड गरम आहे तोवर, तेवढाच कोपरा आवळायचा. लहान असताना ती त्याच्या शेजारी बसून जायची, आणि बोललीस तर उतरवून देईन म्हणून तो दम द्यायचा.

आवाज डावीकडून आला असणार, म्हणून तर डावाच कोपरा आवळला होता. इंदूबाई डावीकडे होती.

६

दुकानात खेमसिंग एका ताडपत्रीवर वाकून दाभण चालवत होता. निकिता वर्दीतच आत आली आणि त्याच्या समोर बसली. आवाज तिने सांभाळला होता.

"बा, शनिवारी कोंडावाराच्या गाडीचा टप तू बसवला."

दाभण थांबलं. "गोपालनं सांगतलं?"

"त्यानं नाई सांगतलं. तू सांग."

"पोरगं हातापाया पडलं. म्हणे मालक येतीन, काम जाईन माहं, कोनाले सांगू नको. जाऊन दिला बसवून. ते कोनाच्या तरी हळदीले जेवाले गेलतं, मीच एकटा होतो. फिरवून आनली, गाडी गॅरेजात लावली, किल्ली खुंटीले अडकवली आन घरी आलो." तो हळू आवाजात बोलत होता, जसा आपला गुन्हा कबूल करतो तसा, पण गुन्हा त्याच्या मते वेगळाच होता. "माह्या मांगून त्यानं गाडी काढली असंल. टप बसला, आता पाहू चालवून, असं झालं असंल त्याले. मी बसवूनच दिला नसता तं ती बाई वाचली असती. म्हून मी बोललो नाई. गाडी त्या दिवशी गॅरेजातून भाईर काढली होती हे मी सांगतलं तं त्याची सुटायची वाटच बंद."

निकिताने डोळे मिटले. हा त्या पोराला वाचवण्यासाठी गप्प होता आणि ते पोरगं याला वाचवण्यासाठी.

"कोन्या रस्त्यानं फिरवली?"

"जंगलाकडच्या. तिकडं गाड्या कमी."

"काई वाजलं?"

"वाजलं ना. एकदा. डावीकडं, फटकन. बाकी टप असा बसला होता का काय सांगू तुले. तेवढा एक कोपरा बोलला. आलो न आवळला." आणि त्या स्थितीतही, क्षणभर, कामाचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर आलं.

निकिताने आपला उजवा हात उचलला, त्याच्या डाव्या कानाच्या बाजूला धरला आणि डावा त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "बा, माह्याकडं पाह. मान हालवू नको. मी कोनता हात वर केला?"

"कुठं केला?"

तिने बोटं हलवली. तो तिच्या तोंडाकडे सरळ पाहत होता. सरळ समोरचं त्याला सगळं दिसत होतं, रस्ता, सुई, लेकीचं तोंड. बाजूला हलणारा हात त्याच्या जगात नव्हता.

"डॉक्टरले दाखवलं होतं?"

"दाखवलं होतं," तो नाइलाजाने म्हणाला. "काचबिंदू म्हणे. बाजूचं गेलं, आता येत नाई. औषध देल्लं. गाडी चालवू नका म्हणे. तुले सांगतलं असतं तं तू दुकान बंद केलं असतं. आन ट्रक कुठं चालवतो मी? कधीमधी टप पाहाले नेतो, सरळ रस्त्यानं, हळू. कायले इचारतेस हे?"

तिने हात खाली घेतला.  त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, पाहतच राहिला, आणि मग त्याच्या मांडीवरची ताडपत्री हळूहळू खाली घसरली.

"डावीकडं," तो म्हणाला.

"हो."

"ते कापड नोतं?"

"नाई बा."

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. खेमसिंगने दोन्ही हात पुढे घेतले आणि डोळ्यांसमोर धरून पाहू लागला. त्या हातांनी त्याने त्या बाईला मारल्यानंतर कोपरा आवळला होता, किल्ली खुंटीला लावली होती आणि घरी येऊन चहा मागितला होता. चहा निकितानेच करून दिला होता.

"ठाण्यात येतं का माह्यासंगं, का त्यायले इथंच बोलवू?" तिने विचारलं. पोलिसाने विचारायचा प्रश्न होता तो, पण विचारताना तिला हुंदका फुटला.

"चालतो ना," तो म्हणाला. "पन धरून ने. बाजूचं दिसत नाई मले."

७

ठाणेदारांनी निकिताला केसमधून मोकळं केलं, बापाचा जबाब दुसऱ्या अधिकाऱ्याने घेतला. खेमसिंगने एक शब्द लपवला नाही. डॉक्टरने मना केलं होतं हेही स्वतःहून सांगितलं. गॅरेज उघडून देण्याबद्दल गोपालला पुढे काय होईल ते होईल, पण कोठडीतून तो संध्याकाळी बाहेर आला. निकिता व्हरांड्यात उभी होती. तो तिच्यासमोर थांबला.

"गाडीवर झाकण टाकाले गेलो तवा दिवा पाह्यला मी. तवाच समजलं."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"कोनाले सांगू मॅडम? तपासाले तुम्ही आले. तुमच्याच बापाचं नाव तुमच्याच म्होरं घेऊ? मले वाटलं तुम्ही मलेच अजून गाडान." तो थोडा थांबला. "आन खेमसिंगकाकाले तं मालूमच नाई ना काई. त्यायनं मले पोरासारखं सांभायलं. कसं सांगू?"

त्याला सुटल्याचा आनंद झालेला दिसला नाही. किसनरावांनी त्याला कामावर परत घेणार नसल्याचं आधीच कळवलं होतं. तो फाटकातून बाहेर गेला आणि कुठे जावं हे न कळल्यासारखा रस्त्याच्या कडेला उभा राहिला. योग्य माणूस आत जाणार होता, चुकीचा सुटला होता. यापेक्षा जास्त निकिताने कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता वाटत होतं की तेवढंही मागितलं नसतं तर बरं झालं असतं.

खेमसिंगला आत नेताना तो बाकापाशी अडला. जया अजून तिथेच होती. त्याला ती दिसली नव्हती, निकितानेच त्याची मान त्या बाजूला वळवली.

"इंदूबाईची लेक," ती म्हणाली.

खेमसिंगने हात जोडले. "पोरी, गाडी मी चालवत होतो."

जयाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिच्या मनात गाडीवाला कोणी वेगळाच असावा, जाडजूड, पैसेवाला, दारू प्यालेला. समोर एक म्हातारा उभा होता, सदऱ्यावर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"थांबले काहून नाई तुमी?"

"मले वाटलं कापड वाजलं."

"कापड?"

तो टपाचं, वाऱ्याचं, डाव्या कोपऱ्याचं सांगू लागला, आणि मध्येच त्यालाच ते ऐकवेना, म्हणून थांबला. जया बाकावरून उठली.

"माही माय ओरडली असंल ना," ती म्हणाली. "एवढा जीव गेला तिचा. ओरडली नसंल का? ते तुमाले आयकू आलं नाई?"

खेमसिंग जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाला, "आयकालेच तं गेलतो, बाई. सगळं ध्यान आयकन्यातच होतं."

जया पुन्हा बाकावर बसली. निकिताने बापाचा हात सोडला नाही, पण त्याच्या तोंडाकडे पाहायची तिची हिंमत झाली नाही.